दहा मिनिटांची कुस्ती

“आन् मधीच शब्द अडला तर, वस्ताद?”

दस्तगीर वस्तादांनी वर पाहिलं नाही. कुस्तीच्या हौद्यातली तांबडी माती ते फावड्यानं वरखाली करत होते. दुपारची वेळ होती. सकाळची पोरं मेहनत करून गेली होती, संध्याकाळची अजून यायची होती. तालमीत ते दोघंच होते.

“कुठला शब्द?”

“कुठलाबी. इंग्रजीतला.”

“अडू दे की मग.”

हे इतकं सोपं असतं तर धैर्यशील भर उन्हात तालमीत आला कशाला असता?

गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी त्याची कुस्ती बंद केली. लहानपणापासून तालमीत वाढलेला गडी, त्याला दुसरं येत काय होतं? म्हणून त्यानं परराज्यातल्या एका संस्थेत कुस्ती प्रशिक्षकाच्या कोर्सला अर्ज केला. कागदपत्रं पास झाली, वैद्यकीय तपासणी पास झाली. राहिलं एकच. परीक्षकांसमोर उभं राहून आपल्या खेळाविषयी दहा मिनिटं इंग्रजीत बोलायचं. ते जमलं तर तो जन्मभर मातीत राहणार होता. नाही जमलं तर मामांनी साखर कारखान्याच्या गेटवर वॉचमनची जागा बघून ठेवलीच होती.

गाडी आज संध्याकाळची होती.

“मी न्हाई जात वस्ताद,” धैर्यशील म्हणाला. “तेच सांगायला आलोय.”

“बरं.”

वस्ताद रागावतील, निदान समजूत तरी घालतील, असं त्याला वाटलं होतं. या ‘बरं’चं काय करायचं ते त्याला कळेना.

“जाऊ नगंस,” वस्ताद म्हणाले. “पर घोकलंयस ते मला तरी ऐकव. वाया कशाला घालवायचं?”

धैर्यशील ताठ उभा राहिला. समोरच्या कोनाड्यातल्या मारुतीवर नजर लावली आणि सुरू झाला. इंग्रजीच्या क्लासच्या सरांनी लिहून दिलेलं भाषण होतं, चांगलं जाडजूड. त्यातला निम्मा माल त्यानं जन्मात कधी वापरला नसता. तरी महिनाभर घोकल्यामुळे तो भराभर बोलत सुटला. वस्तादांना इंग्रजीचं एक अक्षर कळत नव्हतं, पण ते फावडं टेकून नीट ऐकत होते.

“...अँड पर्सि... पर्सिव्ह...”

अडला.

“सॉरी,” तो मारुतीला म्हणाला आणि पुन्हा पहिल्या वाक्यापासून सुरू झाला.

पुन्हा तिथंच अडला. चिकाटीला इंग्रजांनी एवढा अवघड शब्द का ठेवलाय कुणास ठाऊक.

“बघितलंसा?” त्याचे कान लाल झाले होते. “हितंच. दर टायमाला हितंच पाय घसरतोय. आन् तिथं ते मोठं मोठं सायेब बसणार. हसतील वस्ताद. आजवर जत्रंच्या मैदानात मला कोन हसलं न्हाई.”

तो घाबरला होता. दुप्पट वजनाच्या गड्यासमोर उतरताना जो कधी घाबरला नव्हता, तो आज घाबरला होता, आणि त्याची त्याला लाज वाटत होती.

वस्तादांनी फावडं भिंतीला लावलं.

“शर्ट काढ. उतर हौद्यात.”

“गुडघा हाय वस्ताद...” शर्ट हौद्याच्या कठड्यावर टाकत तो म्हणाला.

“तुझ्या गुडघ्याला कोन हात लावतंय? सलामी धर.”

वस्तादांनी चिमूटभर माती त्याच्या अंगावर टाकली, त्यानं त्यांच्या अंगावर टाकली. हाताला हात लागला. वर्षभरानं त्याच्या अंगाला माती लागत होती. त्याला इतकं बरं वाटलं की गाडी, साहेब, कारखान्याचं गेट, सगळ्याचा क्षणभर विसर पडला.

म्हाताऱ्यानं तेवढ्यात त्याच्या मानेवर हात टाकून हिसका दिला. धैर्यशील पुढं झुकला, पडू नये म्हणून त्यानं एक हात मातीला टेकवला.

वस्तादांनी लगेच त्याला सोडलं, हौद्याबाहेर आले आणि नळावर हात धुऊ लागले.

“झाली कुस्ती. पडलास तू.”

“पडलो? नुसता हात टेकला की!”

“मातीला टेकला न्हवं? मंग पडलास.”

धैर्यशील आधी हसला. थट्टा असणार. पण वस्तादांच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं, ते टॉवेल शोधत होते. मग मात्र त्याचं डोकं सटकलं.

“असं कुठं असतंय वस्ताद? हात टेकू दे, गुडघा टेकू दे, गडी तोंडावर आपटू दे! दोन्ही खांदं मातीला टेकल्याबिगर कोन पडत न्हाई. तवर कुस्ती चालूच! तुमीच शिकवलंय ह्याच हौद्यात. आणा कुठला पंच आणायचा त्यो, इचारा त्याला!”

बोलता बोलता तो हौद्याच्या काठापर्यंत आला होता. हात टेकल्यावर गडी कसा उठतो, ते त्यानं वाकून करून दाखवलं. मारुतीकडं त्याचं लक्ष नव्हतं. तो सरळ वस्तादांच्या डोळ्यांत बघून भांडत होता.

वस्तादांनी सावकाश तोंड पुसलं.

“हे इंग्रजीत सांग,” ते म्हणाले.

“आं?”

“मी सायेब हाय. सांग मला.”

ते बाकावर बसले आणि साहेबासारखे मांडीवर हात ठेवून वाट बघू लागले.

धैर्यशीलनं तोंड उघडलं. यावर सरांनी एक ओळही लिहून दिलेली नव्हती.

“इन कुस्ती... हँड टच, नो प्रॉब्लेम.” त्यानं हात टेकून दाखवला. “नी टच... नो प्रॉब्लेम. कुस्ती इज... गोइंग. गोइंग ऑन.”

इंग्रजी लंगडत होतं खरं. पण वस्ताद मान पुढं करून ऐकत होते, आणि तो त्यांच्याकडं बघून सांगत होता.

“ओन्ली व्हेन टू... बोथ... बोथ...”

खांदा. खांद्याला काय म्हणतात? प्राथमिक शाळेत बाईंनी अंगाला हात लावून लावून शिकवलेला शब्द, आणि नेमका आत्ता गेला. त्यानं आपल्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवले आणि तसाच उभा राहिला.

कान पुन्हा तापले.

“सॉरी,” तो पुटपुटला. हात खाली आले. त्यानं कठड्यावरचा शर्ट उचलला.

वस्ताद बाकावरून हलले नाहीत.

“काय रं,” ते म्हणाले, “टेकलं का दोन्ही?”