चष्मा काढून दिलेला निकाल

एकदा एका वृद्ध आचार्यांच्या पाठशाळेत दोन उभ्या रेघांवरून मोठा वाद पेटला.

आचार्यांनी आयुष्यभर खपून, संगणकाला मराठीतून आज्ञा देता येतील अशी एक भाषा घडवली होती. लहान गावांतले पाणीपुरवठ्याचे पंप तिच्यावर चालत, आणि त्या आज्ञा गावातलीच माणसे लिहीत. आता भाषेला एक नवी सोय हवी होती. कोणत्या वस्तीला किती मिनिटे पाणी सोडायचे याची नोंद असेल तर ती घ्यावी. नसेल तर वीस मिनिटे धरावीत. हे ‘नसेल तर’ लिहायचे कसे, एवढाच प्रश्न होता.

पाठशाळेचा रिवाज असा, की ज्याची खूण स्वीकारली जाई त्याचे नाव भाषेच्या मूळ पोथीत त्या खुणेखाली कायमचे राही. शार्दूल नावाच्या हुशार शिष्याने दोन दंडांची, म्हणजे दोन उभ्या रेघांची, खूण सुचवली होती: मिनिटे ॥ २०. नाव लागणारच, असे तो घरी सांगूनही बसला होता. वडिलांनी पेढ्यांची चौकशी सुरू केली होती म्हणतात.

केतकी नावाची शिष्या कमी बोलायची. तिचे म्हणणे, सरळ शब्दच लिहावा: मिनिटे नाहीतर २०.

“‘नाहीतर’?” शार्दूल हसला. “अगं, आई रागावल्यासारखं वाटतं. गप जेव, नाहीतर!”

“आणि तुझे दोन दंड पाहिले की अध्याय संपल्यासारखा वाटतो,” केतकी म्हणाली. “माणूस हात जोडून उठेल.”

महिनाभर हेच चालले. कोणाची खूण सुबक, कोणाची आटोपशीर, यावर सगळी पाठशाळा बोलून थकली. अखेर आचार्य संगणकासमोर येऊन बसले. त्यांनी चष्मा काढला आणि शांतपणे खिशात घातला.

“सर, चष्मा!” शार्दूल म्हणाला.

“असू दे. तुम्ही दोघे माझ्याशी बोलत राहा. आज डब्यात काय होतं?”

दोघे चकित झाले. पण बोलू लागले. वांग्याच्या भाजीची कथा ऐकत, अंदाजाने कळफलकावरच्या कळा शोधत आचार्यांनी शार्दूलची आज्ञा लिहिली. दोनांऐवजी एकच दंड पडला.

नोंद कोरी होती. पडद्यावर उत्तर आले, वीस.

“बघा सर, चाललं!” शार्दूल आनंदाने म्हणाला. चुकलेला दंड त्याच्याही नजरेत आला नव्हता.

आचार्यांनी नोंदीत चाळीस भरले. उत्तर चाळीसच यायला हवे होते; आले साठ.

शार्दूल पडद्याकडे वाकला आणि तसाच राहिला. एक दंड त्या भाषेत पूर्वीपासून बेरजेसाठी होता. कोऱ्या नोंदीत वीस मिळवले की वीसच होत. म्हणून चूक उत्तराचे सोंग घेऊन बसली होती.

“समजा, हे खऱ्या पंपावर घडलं. वरच्या वस्तीला साठ मिनिटं पाणी गेलं,” आचार्य म्हणाले, “आणि खालच्या वस्तीत बाया रिकाम्या नळाशी उभ्या राहिल्या. यंत्र मात्र चकार शब्द बोललं नाही.”

मग त्याच रीतीने त्यांनी केतकीची आज्ञा लिहिली. ‘नाहीतर’मधला शेवटचा र राहून गेला. यंत्र जागीच थांबले. पडद्यावर आले: ‘आज्ञा अमान्य.’

“बाळांनो,” आचार्य म्हणाले, “नीट लिहिणाऱ्याला तुमच्यापैकी कोणाचीही खूण चालेल. पण पहाटे पंपावर बसलेला, अर्धवट झोपेतला, ज्याला मागून कुणीतरी हाक मारतंय, तो माणूस तुमच्या चर्चेला आलाच नव्हता. आज त्याच्या जागी मी बसलो. चुकायचा तो चुकणारच. ती चूक त्याला कळेल का, एवढंच भाषेनं पाहायचं.”

केतकीने मान खाली घातली. जिंकल्याचे तिच्या चेहऱ्यावर काही नव्हते. ती पडद्याकडे पाहत हळूच म्हणाली, “पण सर, ‘आज्ञा अमान्य’ वाचून त्या माणसाला काय कळणार? उगाच घाबरेल.”

 आचार्यांनी चष्मा लावला आणि शार्दूलकडे पाहिले.

 शार्दूलने खुर्ची पुढे ओढली. एक वाक्य लिहिले, खोडले, पुन्हा लिहिले. शेवटी पडद्यावर उरले ते असे: ‘“नाहीत” हा शब्द इथे मला समजला नाही. “नाहीतर” म्हणायचे होते का? पाणी अजून सोडलेले नाही, काळजी नसावी.’

आचार्यांनी ते वाचले, पुन्हा वाचले आणि हात जोडले. शिष्याला त्यांनी हात जोडलेले पाठशाळेत कोणी पाहिले नव्हते.

पोथीत खुणेखाली केतकीचे नाव लागले. त्या वाक्याखाली शार्दूलचे. तेही केतकीच्याच आग्रहाने. पेढे शार्दूलच्या वडिलांनीच वाटले. कशाबद्दल, असे कोणी विचारले की ते अभिमानाने सांगत, “आमच्या मुलाचं वाक्य चुकलेल्या माणसालाच दिसतं.”

घरात नव्याने आलेल्या माणसाला रीत सगळेच समजावतात; ती चुकल्यावर त्याच्याशी काय बोलायचे, हेही घराने आधीच ठरवून ठेवावे.