शिंगाचा जवा

फार वर्षांपूर्वी, जंगलात प्राण्यांच्या मैफली रंगायच्या तेव्हाची ही गोष्ट. केरूबा अस्वल सरोद वाजवायचा आणि त्याची जुनी मैत्रीण मैना गायची. तारा छेडायला केरूबाकडे करवंटीचा साधा जवा होता.

एकदा साळिंदराने सांबराच्या गळून पडलेल्या शिंगातून एक गुळगुळीत, देखणा जवा कोरला. केरूबाला त्याचा मोहच पडला. पावसाळ्यासाठी साठवलेला सगळा मध देऊन त्याने तो घेतला.

त्या दिवसापासून त्याचं वाजवणंच बदललं. कड झिजेल या धास्तीने तो तारेला जेमतेम स्पर्श करायचा. वाजवून झालं की जवा पुसून पानात गुंडाळून ठेवायचा.

दोन मैफली मैनेने कळ काढली. तिसऱ्या वेळी ती गाता गाता थांबली. "केरूबा, मला तुझा सूरच ऐकू येत नाही. असंच चालणार असेल, तर मी एकटी गाईन."

"अगं, केवढा महाग आहे तो!"

"मग वाजवायला घेतलास की राखायला?"

केरूबा ओशाळला. त्याने जवा घट्ट धरला आणि पूर्वीसारखा जोरकस आघात केला. कड खरवडली, त्याच्या काळजात चर्र झालं. पण तारेतून भरदार नाद उमटला आणि मैनेने लगेच सूर धरला.

गाणं संपल्यावर तिने विचारलं, "करवंटीपेक्षा हा खरंच चांगला आहे का रे?"

झिजलेल्या कडेवरून बोट फिरवत केरूबा म्हणाला, "आज पहिल्यांदाच तर वाजवला गं. महिनाभर झिजवतो, मग सांगतो."