खोट्या कौलाचा ओढा

उतारावर एवढा तेरडा फुललेला असताना ही सगळी फुलपाखरं चिखलाला का चिकटून बसली आहेत, सांगता येईल का तुम्हाला? जरा पाय जपून टाका. ती अशीच ओल्या मातीत सोंड खुपसून बसतात. शेणावर बसतात, सडक्या उंबरावर बसतात, घाट चढून दमलेल्या माणसाच्या मनगटावरचा घामही पितात. पूर्वी असं नव्हतं म्हणे. पूर्वी फुलाशिवाय ती कुठे तोंड लावत नसत.

त्या काळी या घाटाने कोकणातलं मीठ बैलांच्या पाठीवर येई. वरच्या वाडीत भिवरा नावाची एक विधवा राहायची. नवऱ्यामागे तिच्याकडे दोन बैल उरले होते आणि वाडीचं मीठ त्यांच्याच पाठीवरून येई. एका वर्षी पावसाळा सरता सरता वाडीतलं मीठ संपलं. पोरं अळणी पेज थुंकू लागली. गुरं एकमेकांची अंगं चाटू लागली.

तेव्हा तिचा धाकटा दीर रावजी म्हणाला, "वहिनी, बैल द्या. मी मीठ घेऊन येतो."

भिवराचा धीर होईना. "भावजी, मागे कुऱ्हाड नेलीत, ती अजून यायची आहे."

"कुऱ्हाडीला पाय नव्हते, वहिनी. बैल चालत येतील," रावजी हसला. "माझ्यावर नसेल, पण देवीवर तरी विश्वास आहे ना? कौल लावू."

ओढ्याकाठी तो शेंदरी दगड दिसतो ना, ती घाटदेवी. तिची पूजा रावजीकडेच होती. दगडाच्या दोन्ही खांद्यांना पाण्याने एकेक फूल चिकटवायचं. उजवं आधी पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. रावजीने तेरड्याची दोन फुलं लावली. थोड्या वेळाने उजवं पडलं. भिवराने हात जोडले आणि दोन्ही बैलांची दावी दिराच्या हातात दिली.

दिवस गेले. भिवरा रोज ओढ्यावर येऊन खालची वाट बघे. बाया म्हणत, "भिवरे, तुझा दीर कोकणात घरजावई झाला बघ." ती देवीच्या डाव्या खांद्याकडे बोट दाखवी. तिथलं फूल सुकून कोळपलं तरी पडलं नव्हतं. "देवीने शब्द धरून ठेवलाय," ती म्हणे. "येतील भावजी."

मग एका दुपारी घाट चढून आलेल्या वाटसरूने सांगितलं, की रावजीने बंदरावर बैल विकले आणि तो गलबतात बसून गेला. भिवराला ते खरं वाटेना. ती देवीपाशी गेली. सुकल्या फुलाखाली मुंग्यांची रांग लागली होती. तिने फूल ओढलं, ते निघेना. नखाने खरवडलं तेव्हा बोट चिकट झालं. तिने ते जिभेला लावलं. मध होता.

भिवरा तिथेच चिखलात बसली. "बैल नेले, ते मी सोसलं असतं," ती म्हणाली, असं सांगतात. "पण देवीच्या अंगावर बसून फूल खोटं बोललं. तेही स्वतःच्याच मधाने." मग तिला रडू फुटलं. साऱ्या वाडीत मीठ नव्हतं. जे होतं ते तिच्या डोळ्यांत होतं, तेवढंही मातीत उतरलं. तेरड्यावरच्या फुलपाखरांनी हे ऐकलं म्हणे, आणि आपण ज्याचं खातो त्यानेच असं करावं, याची त्यांना लाज वाटली.

आजही आमच्या वाडीत फुलाचा कौल लावत नाहीत. देवीपुढे मिठाचे खडे ठेवतात. फुलपाखरंही पोटापुरता मध घेतात, पण नुसत्या मधावर विसंबत नाहीत.

त्या दिवशी भिवरा संध्याकाळी उठून घरी गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी बाया पाण्याला आल्या, तेव्हा उतारावरच्या एकाही फुलावर फुलपाखरू नव्हतं. भिवरा जिथे बसली होती, तिथल्या ओल्या मातीवर ती सगळी बसली होती.