ताईंसारखी

“मग गादी कुणाला देणार, ताई?”

विचारलं खरं, पण उत्तर चारुशीलाला ठाऊकच होतं. दम्यामुळे उमाताई यंदापासून उत्सवात कीर्तनाला उभ्या राहणार नव्हत्या. देवळातली कीर्तनकाराची ती जागा, नारदाची गादी, आता शिष्येकडे जायची. आणि ताईंसारखी शिष्या दुसरी होतीच कोण?

ताई झांजेची दोरी बदलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “तुला काय वाटतं?”

“मी कशाला सांगायला हवं? काल मी कीर्तनाला उभी राहिले, तर ओवरीतल्या बायका चक्क फसल्या. म्हणे, आम्हाला वाटलं ताईच उभ्या आहेत! तोच आवाज, तेच हातवारे. पूर्वरंग संपवताना तुम्ही जरा खोकता ना... तेसुद्धा!”

“खोकलीस?”

“अगदी हुबेहूब.”

“अगं, तो माझा दमा.”

चारुशीला क्षणभर चपापली. पण ताठलेली मान काही खाली आली नाही.

“बरं,” ताई म्हणाल्या, “मी तुझ्यासारखी आहे, असं म्हणालं का कुणी?”

“भलतंच काहीतरी! मुलगी आईवर गेली म्हणतात, ताई. आई मुलीवर गेली, असं कोण म्हणतं?”

“कुणी नाही म्हणत खरं...”

ताईंनी झांज खाली ठेवली. उठल्या. पदर खोचला, डावा हात कमरेवर ठेवला, मान तिरकी केली आणि चिरक्या, ठसक्याच्या आवाजात सुरू झाल्या,

“काहून रडता माय? देव काई गावाले नाई गेला. चुलीमांगं पाहा, तठीच बसला असन!”

चारुशीला पोट धरधरून हसली. “अगंबाई! हे कुठलं हो वऱ्हाडी ध्यान? कुठे ऐकलंत?”

“इथेच. माझ्या अंगणात. शिकवा म्हणून आली होती. काय येतं, म्हणून विचारलं, तर हे बोलून दाखवलं. मी रडले होते गं त्या दिवशी...”

चारुशीलाचं हसू ओठांवरच राहिलं. डावा हात नकळत कमरेवर गेला. तिथून तो काढावा की ठेवावा, तिला कळेना.

“ताई... ती तर मी...”

ताईंनी पुन्हा झांज हातात घेतली.

“कुठे दिसली, तर सांग तिला. गादी तिची आहे.”