जागती

आटपाट नगर नव्हतं ते. डोंगराच्या कुशीतली एक साधीशी वाडी होती, नाव झुळूकवाडी. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा! झुळूक कसली, तिथे वारा असा सुटायचा की दारातली पणती क्षणभर टिकायची नाही. वाडीतून बाजाराला जायला एकच वाट होती, खिंडीतली. तिच्या एका अंगाला उंच कडा आणि दुसऱ्या अंगाला खोल दरी.

त्या वाडीत शेवंता नावाची मुलगी राहायची. तिचे बाबा कुंभार होते. एके दिवशी ते मडकी घेऊन बाजाराला निघाले, दारातून "येतो गं शेवंते" म्हणाले, आणि परत आलेच नाहीत. तिन्हीसांजेला खिंडीत वाऱ्यानं त्यांच्या हातातला दिवा गेला, आणि अंधारात त्यांचं पाऊल चुकलं.

तेव्हापासून दिवेलागण झाली की शेवंताची आई दाराकडे पाठ करून भिंतीशी बसायची. घरात पीठ थोडं असायचं, आणि बोलणं त्याहून थोडं. शेवंतानं मात्र मनाशी एक गाठ मारून ठेवली होती की शब्दांत काही नसतं. बाबा 'येतो' म्हणाले होते, तरी आले नाहीत ना? मग कशाला जपायचे शब्द? घरातून निघताना ती खुशाल म्हणायची, "आई, जाते मी." आई शहारायची.

शेवंताचं मन मात्र लोण्यासारखं होतं. आणखी कुणाचे बाबा दरीत पडू नयेत, एवढाच तिला ध्यास लागला. ती बाबांच्या चाकावर बसली. कितीतरी दिवे घडवले, कितीतरी मोडले. शेवटी एक नवाच दिवा तयार झाला. पणतीवर मातीचं गोल झाकण होतं, झाकणाला तिरप्या फटी होत्या. वारा एका फटीतून आत शिरायचा, आतल्या आडोशाला वळसा घालायचा आणि दुसऱ्या फटीतून मुकाट्यानं निघून जायचा. ज्योत जागची हलायचीसुद्धा नाही!

आता होळीचा बाजार जवळ आला होता. त्या दिवसांत वारा पिसाळतो, आणि नेमकी तेव्हाच सगळी वाडी खिंडीतून जाते-येते. शेवंता दिव्यांची टोपली घेऊन दारोदार फिरू लागली. कधी? तर ऐन दिवेलागणीला! आणि ओरडायची काय?

"विझत नाही, विझत नाही! न विझणारा दिवा घ्या!"

धाड! एक दार लागलं. धाड, धाड! दुसरं लागलं, तिसरं लागलं. एकही दिवा खपला नाही. शेवंता टोपली घेऊन वाडीबाहेरच्या बकुळीखाली येऊन बसली, आणि तिला रडूच कोसळलं.

तेवढ्यात वाऱ्यानं गरगरत आलेला एक इवलासा उजेड तिच्या पायाशी पडला. काजव्याएवढाच होता आणि थरथरत होता. आता मालवतो की मग, अशी त्याची गत! शेवंता आपलं रडं विसरली. तिनं त्या उजेडाला अलगद ओंजळीत घेतलं आणि आपल्या दिव्यात, फटींच्या आडोशाला ठेवलं. कुपीतलं शेवटचं तेलही त्याच्यासाठी ओतलं.

"माझ्या घरी आज अंधार राहिला तरी चालेल," ती म्हणाली. "तू ऊब घे."

बघता बघता तो उजेड फुलला, आणि झाकणाच्या फटीतून बाहेर आली एक पिटुकली परी! बकुळीच्या फुलाएवढं तिचं तोंड होतं. पंख मोरपिशी निळे आणि कडेला सोनेरी, आणि ती हलली की चांदीची बारीक भुकटी भुरभुरायची.

"शेवंते," परी म्हणाली, "तू मला आडोसा दिलास. तीन गोष्टी माग. पण दोन नेम आहेत हं. कुणाचं मन फिरव, असं मागायचं नाही. आणि जे माणूस गेलं, ते मागायचं नाही."

दुसरा नेम ऐकून शेवंताच्या ओठांवरचं मागणं तिथंच राहिलं. मग ती डोळे पुसून म्हणाली, "माझे दिवे फार साधे आहेत, म्हणून कुणी घेत नसेल. ते सोन्याचे कर."

झालं! टोपली झळाळली. दुसऱ्या दिवशी सगळी वाडी दिव्यांवर तुटून पडली आणि घटकाभरात टोपली रिकामी झाली. शेवंताला आनंद मावेना. संध्याकाळी ती धावत खिंडीच्या तोंडाशी गेली आणि बघते तर काय, लोक अंधारातून चाचपडत येत होते. एकाच्याही हातात दिवा नव्हता.

"सोन्याचा दिवा कुणी खिंडीत नेतं का, पोरी?" एक मोळीवाली हसली. "पेटीत कुलपात ठेवलाय हो!"

शेवंता मुकाट्यानं बकुळीखाली परतली. "परीताई, त्यांना पुन्हा मातीचं कर," ती म्हणाली. "पेटीतल्या दिव्यानं वाट दिसत नाही."

परीनं पंख हलवले, आणि पेट्यापेट्यांतलं सोनं पुन्हा माती झालं. लोकांनी बोटं मोडली, दिवे उकिरड्यावर टाकले. आता एकच मागणं उरलं होतं, आणि होळीचा बाजार आठवड्यावर आला होता. शेवंतानं खूप विचार केला.

"माझ्या तोंडावर दारं लागतात," ती म्हणाली. "त्या दारांमागं लोक काय बोलतात, ते मला ऐकू दे."

परीनं तिच्या कानाच्या पाळीला बोट लावलं. शेवंता वाडीतून चालू लागली, तशी बंद दारं तिच्याशी बोलू लागली.

पहिल्या दारामागं भागाआजी चिडून म्हणत होती, "दिवेलागणीला कुणी असलं अभद्र बोलतं का? लेक माझा खिंडीत, आणि ही दारात येऊन 'विझत नाही, विझत नाही' करते! दिव्याचं तसलं नाव काढू नये गं बाई."

दुसऱ्या दारामागं मोळीवाली नवऱ्याला सांगत होती, "एका हातानं मोळी सांभाळायची, मग ते तापलेलं गाडगं धरू कशानं?"

तिसऱ्या दारामागं एक छोटी आईला बिलगली होती. "तो दिवा नको! बुजगावण्याच्या डोक्यासारखा दिसतो. पण आई, बाबा येईपर्यंत आपली पणती जागी राहील ना?"

शेवटचं दार शेवंताचं स्वतःचंच होतं. आतून भिंतीशी कुजबुज चालली होती. "येतो म्हणाला होतात ना? मी अजून वाट बघतेय हो."

शेवंता उंबऱ्याशीच बसली. तिला भडभडून आलं. शब्द वाऱ्यासाठी नसतातच मुळी! वारा कुठे कुणाचं ऐकतो? शब्द असतात ते दारात वाट बघणाऱ्या माणसासाठी. आणि आपण तेच पायाखाली तुडवत आलो.

ती उठली आणि थेट चाकावर जाऊन बसली. आता मागायला काही उरलं नव्हतं, पण करायला पुष्कळ होतं. दिवा तिनं हलका आणि लहान केला. गेरूनं लालचुटुक रंगवला. घायपाताच्या दोराची कडी लावली, म्हणजे तो मनगटात अडकवता येईल आणि हाताला चटका बसणार नाही. फटींना तिनं चिमण्यांचा आकार दिला. दिवा लावून दोन पावलं चालली, तर उजेडाच्या पिवळ्या चिमण्या टुणटुण उड्या मारत वाटेवर पुढे धावू लागल्या! मग तसेच टोपलीभर दिवे तिनं घडवून भाजले.

आणि नाव? नाव तर त्या छोटीनंच दिलं होतं. जागती.

यावेळी शेवंता कुणाच्या दारात ओरडली नाही. तिन्हीसांजेला ती खिंडीच्या तोंडाशी उभी राहिली आणि येणाऱ्या प्रत्येकाच्या पुढे उजेड धरून त्याला घरापर्यंत पोचवू लागली. दारात जागती ठेवून ती म्हणायची, "आजची रात्र राहू दे तुमच्याकडे. उद्या येते हं."

भागाआजीनं दार किलकिलं करून पाहिलं. लेक सुखरूप उभा होता, आणि अंगणभर चिमण्या नाचत होत्या. "हे काय गं?"

"जागती आहे, आजी. माणूस घरी येईपर्यंत जागी राहते."

आजीच्या डोळ्यांत पाणी आलं. "बाळे, मग आधी का नाही असं बोललीस?"

दुसऱ्या दिवशी शेवंताच्या दारात रीघ लागली. कुणी तांदूळ आणले, कुणी तेल, आणि जो तो म्हणत होता, "आम्हाला जागती दे."

होळीच्या बाजाराच्या संध्याकाळी वारा असा सुटला की झाडं वाकली. वाडीतली म्हातारीकोतारी हात जोडून अंगणात उभी राहिली. आणि मग खिंडीत एक ठिपका दिसला. त्यामागे दुसरा, त्यामागे आणखी! दरीच्या काठाकाठानं दिव्यांची लांबच लांब माळ हळूहळू खाली उतरत आली. उजेडाच्या चिमण्या पुढे, माणसं मागे. सगळी माणसं घरी आली. एकसुद्धा मागे राहिलं नाही.

शेवंता सगळ्यांच्या शेवटी आली. पाहते तर तिच्या घराच्या दारात आई उभी! दाराकडे पाठ नव्हती. तोंड खिंडीकडे होतं आणि हातात जागती होती. शेवंता धावली आणि आईच्या कुशीत शिरली.

"तुझ्या बाबांनी केलं असतं, तसंच केलंस," आई म्हणाली, आणि किती दिवसांनी तिनं लेकीच्या केसांतून हात फिरवला.

तेवढ्यात बकुळीचा वास दरवळला. जागतीच्या कडीवर परी येऊन बसली होती.

"शेवंते, आडोसा तू मला दिलास, आणि आज सगळ्या वाडीला दिलास," ती म्हणाली. "म्हणून हे न मागता देते. तुझ्या हातची जागती जिथे लागेल, तिथे माझा सुगंध राहील. तो आला की घरच्यांनी ओळखावं, आपलं माणूस वाटेवर आहे."

तिचे निळे पंख सोनेरी झाले, सोनेरीचे पांढरे झाले, आणि सगळं अंगण उजळून निघालं.

"थांब ना, परीताई!" शेवंता कळवळून म्हणाली. "चाललीस?"

"चालले नाही गं," परी त्या उजेडात विरता विरता म्हणाली. "येते."

बाबा गेल्यापासून या दारात त्या शब्दाला कुणी उत्तर दिलं नव्हतं. आईनं जागती थोडी उंच धरली.

"ये हं," ती म्हणाली.