माळेतलं घर

एक होता खेकडा. इटुकला. शंखात राहायचा.

एकदा शंख झाला घट्ट. मग त्याने वाळूत नवा शंख शोधला. मोठा, ठिपक्यांचा. जुन्यातून तो बाहेर आला, पुळुक. लाट आली, जुना शंख घेऊन गेली. केशरमावशी आली, नवा शंख घेऊन गेली.

खेकड्याचं बूड उघडं. मऊ मऊ, उघडं उघडं. वर सुरूच्या झाडावर कावळा. तो नुसता बघत होता.

त्या दिवशी झाडांखाली प्रदर्शन होतं. ज्याने जे नवं केलं, ते तो मांडणार. मावशीने केल्या होत्या माळा. शंख बसला माळेच्या मधोमध.

खेकडा गेला तिरतिर तिरतिर, तिरका तिरका.

"मावशी, माझा शंख दे."

"रिकामा होता रे, म्हणून उचलला."

"रिकामा नव्हता. मी राहायला येणार होतो."

मावशी विचारात पडली. पण माळेत जागा मोकळी कशी ठेवणार? म्हणाली, तिथे घालायला निळा मणी आण.

खेकडा गेला मणी करणाऱ्या धाकूआजोबांकडे. तिरतिर तिरतिर, तिरका तिरका.

"आजोबा, मणी द्या. मणी देईन मावशीला, मावशी देईल शंख, शंखात मी राहीन."

मणी होते, पण मातीचे, मातकट. आजोबा म्हणाले, निळा रंग आण, मग देतो.

खेकडा गेला रेवाताईकडे. तिरतिर तिरतिर, तिरका तिरका. ताई समुद्रासमोर बसून समुद्राचं चित्र काढत होती.

"ताई, रंग दे. रंग देईन आजोबांना, आजोबा देतील मणी, मणी देईन मावशीला, मावशी देईल शंख, शंखात मी राहीन."

ताईने मानसुद्धा वर केली नाही. होडी डुलत होती, डुबुक डुबुक. काढावी इथे, तर जाई तिथे. होडी थांबली तर देईन, म्हणाली.

खेकडा गेला होडीकडे. तिरतिर तिरतिर, तिरका तिरका.

"होडी, होडी, थांब. होडी थांबली की ताई देईल रंग, रंग देईन आजोबांना, आजोबा देतील मणी, मणी देईन मावशीला, मावशी देईल शंख, शंखात मी राहीन."

होडी म्हणाली, मला का डुलायची हौस आहे? वारा ढकलतो. त्याला सांग.

कावळा एक फांदी खाली आला.

खेकडा गेला वाऱ्याकडे. तिरतिर तिरतिर, तिरका तिरका.

"वाऱ्या, वाऱ्या, थांब. वारा थांबला की थांबेल होडी, होडी थांबली की ताई देईल रंग, रंग देईन आजोबांना, आजोबा देतील मणी, मणी देईन मावशीला, मावशी देईल शंख, शंखात मी राहीन."

वारा रुसलेला. "सगळे समुद्र काढतात. होडी काढतात. माझं चित्र कुणी काढलंय?"

खेकड्याकडे रंग नव्हता. कागद नव्हता. पण पाय होते, आणि ओली वाळू होती.

तो धावला. तिरतिर तिरतिर, तिरका तिरका. गोल गोल, वळणं वळणं. वाळूवर रेघाच रेघा, सूं सूं करणाऱ्या.

वाऱ्याने वाकून पाहिलं. "हा मी?"

"हा तूच."

वारा बघतच राहिला. बघता बघता वाहायचं विसरला.

वारा थांबला, थांबली होडी. होडी थांबली, ताईने दिला रंग. रंग दिला आजोबांना, आजोबांनी दिला मणी. मणी दिला मावशीला, मावशीने सोडली माळ, दिला शंख.

खेकडा शिरला आत. आधी बूड, मग पाय, मग डोळे. पुळुक.

कावळा म्हणाला, "ह्यॅ." आणि उडून गेला.

मग गाव आलं. माळा पाहिल्या, मणी पाहिले, चित्र पाहिलं. वाळूवरच्या रेघांपाशी सगळे थांबले. कुणीच त्यांवर पाय दिला नाही. हे कुणी काढलं, म्हणून सगळे विचारू लागले.

एक ठिपक्यांचा शंख दोन पावलं पुढे आला. तिरका तिरका.

शंख त्याच्या पाठीवर, आपली गोष्ट काठावर.