समोरच्या घाण्याची करकर

फार जुनी गोष्ट आहे. तेव्हा राजे बदलायचे, पण गावोगावचे घाणे आपल्या जागी फिरत राहायचे.

अशाच एका गावात, एका गल्लीत, समोरासमोर दोन तेलघाणे होते. एक म्हाताऱ्या तेल्याचा, दुसरा एका तरुण तेलिणीचा. ती त्याच्याच हाताखाली शिकलेली. शिकली, स्वतःचा घाणा घातला, आणि गावाला तिचं तेल आवडायला लागलं. तेव्हापासून म्हातारा येईल-जाईल त्याला सांगायचा, "हिला घाण्याचं उखळ तेलाने पुसायचंसुद्धा मीच शिकवलं." कोणी विचारलेलं नसायचं.

मग सलग दोन वर्षं पाऊस झाला नाही. तीळ नाही, जवस नाही, करडई नाही. घाण्यात घालायला मूठभर दाणा उरला नाही. गावातली वडीलधारी मंडळी म्हणाली, "धीर धरा." त्यांच्या घरच्या कणग्या भरलेल्या होत्या. भरल्या पोटी धीर बरा धरता येतो.

म्हाताऱ्याने घाणा थांबवला. माजघरात त्याने तीन रांजण तेल दडवलं होतं. 'देवळातला दिवा विझला की गाव माझ्याच उंबऱ्याशी येईल,' असं मनाशी म्हणत त्याने दारात बाज टाकली आणि वाट बघत बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी समोरच्या कुडाआडून आवाज आला. करकर... करकर...

तेलिणीचा घाणा फिरत होता!

म्हातारा बाजेवर ताडकन उठून बसला. हिला तीळ कुठून मिळाला? कोणी दिला? आणि मला का नाही दिला? कुडामुळे दिसत काही नव्हतं, म्हणून तो कानाने फेरे मोजायला लागला. वीस झाले आणि आवाज थांबला. थोड्या वेळाने तेलीण डोक्यावर झाकलेली पाटी घेऊन बाहेर पडली.

"कुठं निघालीस गं पोरी?"

"कामावर, काका."

'काम कसलं! तेल विकायला चाललीय, ते पण झाकून,' म्हातारा मनात म्हणाला.

मग रोज तेच. रोज वीस फेरे, रोज झाकलेली पाटी. म्हाताऱ्याला जेवण गोड लागेना. तिचं हसणं दिसलं तरी त्याला तेलकट वाटायचं. त्याने बाज नीट समोर वळवली. तोंड तिच्या घाण्याकडे, पाठ आपल्या घाण्याकडे.

त्याचा बैल कंटाळून एकदा म्हणाला, "मालक, मलाही जुंपा. रिकामंच फिरवा, पण फिरवा. लाकूड वाळतंय."

"आता बैलाने मला शिकवायचं? चाळीस वर्षं घाणा चालवतोय मी!"

"चालवतोय मी," बैल म्हणाला. "तुम्ही मागून चालताय."

तेवढ्यात मागे कुठेतरी 'टक्' असा आवाज झाला.

"मालक, ऐकलंत का?"

"गप रे! मोजू दे. सतरा... अठरा..."

शेवटी म्हातारा चावडीवर गेला. तिथे पाच पंच बसलेले होते. पाचांचे मिळून कान दहा, पण ऐकून घेणारा एक नाही. वय वाढलं की अक्कल वाढते असं म्हणतात खरं, पण म्हणणारे बहुधा वय वाढलेलेच असतात.

"तिने तीळ दडवलाय," म्हातारा म्हणाला. "गाव कोरडी भाकर खातंय आणि ही चोरून तेल गाळतेय."

दडवणारा तो, बोट तिच्याकडे. पण पिकल्या मिशीचं बोलणं, म्हणून पंचांनी मान डोलावली. ठरलं, की दाणा सापडला तर घाणा जप्त आणि तेलीण गावाबाहेर.

सगळे तिच्या अंगणात शिरले. बैल फिरत होता, करकर चालू होती. म्हाताऱ्याने पुढे होऊन उखळात हात घातला. पार तळापर्यंत.

हाताला काही लागलं नाही. तीळ नाही, पेंड नाही. नुसतं गुळगुळीत, ओलसर लाकूड.

"रिकामा घाणा फिरवतेस?" एका पंचाने विचारलं. "कशाला?"

"लाकूड उपाशी राहिलं की फुटतं," तेलीण म्हणाली. "घरात जे थोडं तेल उरलं होतं, त्यातलं रोज पळीभर उखळाला पुसते आणि वीस फेरे घेते. मग तलावाच्या कामावर दगड फोडायला जाते. पाटीत भाकरी असते, वर मीठ. भाजीला तेल घातलं तर घाण्याला काय घालू?" ती म्हाताऱ्याकडे वळली. "हे काकांनीच शिकवलंय मला. तुम्ही पुसता ना रोज, काका?"

म्हातारा घराकडे पळाला.

त्याचं उखळ काठापासून तळापर्यंत फुटलं होतं. चिरेत हाताचा पंजा जात होता. त्याने धावत जाऊन तिन्ही रांजण आणले आणि एकामागून एक त्या चिरेत ओतले. तेल खालून निघून जमिनीत गेलं. फुटलेलं लाकूड काही जुळलं नाही.

बैल म्हणाला, "झापड माझ्या डोळ्यांवर असते, मालक. तुम्हाला कोणी बांधली होती?"

चावडीवर परतताना पंच एकमेकांना सांगत होते, "आम्हाला आधीच शंका होती."

पुढच्या साली तीळ पिकला. तेलिणीच्या दारात गाव लोटलं. म्हातारा बैलाला घेऊन आला आणि खाली मान घालून उभा राहिला.

"काही काम असलं तर..."

तेलिणीने बैलाच्या पाठीवर थाप मारली. "बैलाला जुंपते. माझा थकलाय." मग तिने अंगणातल्या बाजेकडे बोट दाखवलं. "तुम्ही तिथे बसा, काका. फेरे मोजा. सवय आहेच तुम्हाला."

आणि म्हातारा बसला. समोरच्याच घाण्याचे फेरे मोजत, मरेपर्यंत.

तात्पर्य: जो दुसऱ्याच्या घाण्याची करकर ऐकत बसतो, त्याला आपलं उखळ फुटलेलं ऐकू येत नाही.